मास्तरांनी शिवलेली बायको

पाठीमागे सगळी गल्ली मास्तरांना 'टाचणी' म्हणायची, आणि नाव ठेवणाऱ्याला दोष देता येणार नाही. डोकं चांगलं गरगरीत आणि मानेखाली नुसती तार. उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. व्यायाम म्हणाल तर पायांनी पायडल, हाताने कात्री आणि तोंडाने बायकोशी वाद. त्यातल्या तिसऱ्या प्रकारात दम फार लागतो, हे खरं, पण दंड काही फुगत नाहीत.

मास्तरीणबाईंचा कारभार बरोबर उलटा. उंच, भरदार, आणि आवाज असा की दुकानाचं शटर थरथरावं. काज-बटण आणि हातशिलाई त्यांच्याकडे, गिऱ्हाईक सांभाळणंही त्यांच्याकडेच. शर्ट मंगळवारी मिळणार म्हणजे मंगळवारी मिळणार, सोमवारी येऊन डोकावलं तर मिळेल ते फक्त बोलणं. दुकान मास्तरांचं आणि हुकूम बाईंचा, अशी सोपी वाटणी होती. दुकानामागेच दोन खोल्या, त्यात संसार. मध्ये फक्त एक पडदा.

एके दिवशी बाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढत होत्या. खाली उभे राहून मास्तर नेहमीप्रमाणे शहाणपण शिकवत होते. "तो नव्हे गं, डावीकडचा!" बाई डावीकडे वळल्या, स्टूल उजवीकडे गेलं. खुबा मोडला.

ऑपरेशन नीट झालं. हॉस्पिटलमधून लेकीने आईला थेट आपल्या घरी नेलं. तिच्याकडे लिफ्ट, मोठं न्हाणीघर, आणि व्यायाम शिकवायला एक ताई घरी यायची. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाई महिना झाला तरी तिथेच. मास्तर दर रविवारी दुकान बंद ठेवून भेटायला जायचे. एका रविवारी लेकीने चहाचा कप पुढे ठेवता ठेवता विषय काढला.

"बाबा, स्पष्टच बोलते, राग मानू नका. आईला पलंगावरून उठवायचं, खुर्चीत बसवायचं, न्हाणीत न्यायचं. दिवसातून दहा वेळा. तुमच्याच्याने भरली बादली उचलवत नाही. ती आता इथेच राहू दे कायमची. तुम्ही येताच की रविवारी."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. दोऱ्याच्या रिळाचा रंग चुकला तर अर्धा तास बोलणारी ही बाई, इथे तिच्या उरल्या आयुष्याचं ठरत होतं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली होती. हो नाही, नाही नाही, काही म्हणजे काहीच नाही.

ते न बोलणं मास्तरांच्या जिव्हारी लागलं. हिलाही इथेच बरं वाटतंय की काय? मऊ गादी, गरम पाणी, लेकीचा हात. आपल्याकडे काय आहे? दोन खोल्या आणि एक टाचणी. सरळ विचारून टाकावं, तर ती 'हो' म्हणाली तर? मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ कापडं बिनधास्त कापली, पण हा प्रश्न काही त्यांच्याने तोंडाबाहेर काढवला नाही. त्यांनी मनाशी वेगळीच गाठ बांधली. आधी आपण तिला उचलून दाखवायचं. लेकीचं ते एक कारण तरी निकालात निघेल. मग पुढचं पुढे.

आता उचलायचं म्हणजे काय उचलायचं, हे तरी कळायला हवं. मास्तरांनी त्या रात्री फोन लावला. इकडचं तिकडचं झालं आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तुझं वजन किती असेल?"

"का? रद्दीत घालायला काढलंय का मला?"

"छे, छे! असंच आपलं."

"तीस वर्षांत असंच आपलं विचारलं नाहीत ते! ठेवा फोन."

वजनाची वाट अशी बंद झाली. पण मास्तर शिंपी होते. वजन कळलं नाही म्हणून त्यांचं अडत नव्हतं. बायकोचा वाढदिवस ते विसरले असते, लग्नाची तारीख तर विसरतच, पण तिची छाती, कंबर, सीट, खांदा आणि उंची झोपेतून उठवून विचारली असती तरी पाव इंचाचा फरक पडला नसता. त्यांनी जाड्या गादीपाटाचं कापड अंथरलं, खडू घेतला, आणि बायको कापायला घेतली.

कामात मास्तर कधी कुचराई करत नसत. मान वेगळी, खांद्याला उतार, कोपराला वळणासाठी चिमूट, सगळं सगळं. दुहेरी शिलाई मारली. आतमध्ये दुकानातल्या चिंध्या ठासल्या, अंगावर बायकोचा निळा गाऊन चढवला, खुर्चीत बसवलं, आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. चेहरा केला नव्हता. करायचं मनात आलं होतं, पण हिंमत झाली नाही. मग पुढे होऊन तिला मिठी मारली आणि उचललं. अहो, फुलासारखी उचलली गेली! मास्तर खोलीभर तिला घेऊन नाचले. एवढंच होतं का हे? लेक उगाच बाऊ करते!

त्यांचा हा फुगा दुसऱ्याच दिवशी कपाटवाल्याने फोडला. हा गडी घरं बदलणाऱ्यांचं सामान वाहायचा, कपाटं तर एकटा पाठीवर घ्यायचा, म्हणून कपाटवाला. फाटलेली पँट शिवायला आला होता. मास्तरांनी पडद्याआड नेऊन त्याला आपली तयारी दाखवली. त्याने निळ्या गाऊनमधल्या बाईला एका हाताने उचललं, परत ठेवलं आणि हसत सुटला.

"मास्तर, माणूस काय चिंध्यांचं असतं होय? आणि तुम्ही उचलता ते पाठीनं. वहिनींना उचलाल आणि त्यांच्या शेजारी जाऊन झोपाल."

"मग कशानं उचलायचं?"

"मांडीनं. वाकायचं नाही, बसायचं आणि उठायचं. बघा ना, माझी पँट दर वेळी कुठं फाटते?"

मास्तरांनी हातातली पँट उलटी केली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. किती वर्षं हे याची पँट शिवत होते! फाटायची ती नेहमी मांडीत नाहीतर बैठकीत. शर्ट पाठीत कधी फाटला नव्हता. कुठलाही पैलवान समोर उभा राहून सांगता तर मास्तरांनी कानाआड केलं असतं. पण उसवलेल्या शिवणीवर त्यांचा विश्वास होता. शिवण खोटं बोलत नाही.

त्या दिवसापासून घरातल्या घरात तालीम सुरू झाली. साधनं म्हणाल तर एक भिंत, एक खुर्ची, दोन बादल्या आणि जिद्द. सकाळी शटर उघडण्याआधी खुर्चीपुढे बैठका. आधी खुर्चीवर टेकून उठायचं, मग नुसतं टेकल्यासारखं करून उठायचं, मग खुर्ची नाहीच असं समजून. पहिल्या दिवशी मास्तर बसले ते चहा उकळून भांड्याबाहेर गेला तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पायडल मारताना मांड्या अशा बोंबलायला लागल्या की शिलाईचे टाके वेडेवाकडे. जमिनीवरचे जोर झेपत नव्हते म्हणून भिंतीला हात टेकून जोर. भिंतीवर तेलकट पंजे उमटले. बायको घरी असती तर त्या पंजांवरून महिनाभर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकायला मास्तर तयार होते, फक्त बोलणारी हवी होती.

इकडे बाहुलीचंही वजन वाढवायला हवं होतं. समोर एका इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला मास्तरांनी विजार फुकट आखूड करून दिली आणि चार घमेली वाळू आणली. इथेच मास्तरांनी जी चूक केली ती शिंप्यानेच करावी. त्यांचा हिशोब साधा होता. माप बरोबर म्हणजे सगळं बरोबर. कंबर तिची, छाती तिची, मग वजन दुसऱ्या कोणाचं कसं असेल? वाळू माणसापेक्षा जड असते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी हातपाय चिंध्यांचेच ठेवले आणि अख्खं धड वाळूने भरलं. भरलं म्हणजे कसं, पळीच्या दांड्याने ठासून, एक सुरकुती राहू न देता. फिटिंग म्हणजे फिटिंग!

खुर्चीत बसवूनच भरली होती. भरून झाल्यावर मास्तरांनी हात चोळले, मिठी मारली, मांड्यांवर जोर दिला. बाई ढिम्म. परत जोर दिला. खुर्ची करकरली, मास्तरांचा कणा करकरला, बाई बसली ती बसलीच.

घामाघूम होऊन मास्तर समोर जमिनीवर बसले. "अरे देवा," ते म्हणाले, "एवढी आहेस होय तू!" लेकीचं म्हणणं त्यांना पहिल्यांदा पटलं. पटलं आणि पाचावर धारण बसली. पण टाचणी कितीही बारीक असली तरी वाकत नाही. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा खुर्चीपुढे उभे.

मग रोजचंच झालं. गिऱ्हाईक नसलं की मास्तर पडद्याआड. पाण्याने भरलेल्या बादल्या दोन हातांत घेऊन इकडून तिकडे. मशीनखाली उकिडवे बसून चिंध्या वेचायच्या आणि हात न टेकता उठायचं. जेवायला बसले की समोर ती. "आज जरा हलशील का?" म्हणून तिला विचारायचे. एक दिवस बैठक मारताना मागून टर्र आवाज आला. मास्तरांनी हात लावून पाहिलं. स्वतःची पँट बैठकीत उसवली होती! जन्मात पहिल्यांदा त्यांची पँट कष्टाने फाटली होती. त्यांनी ती दिवसभर शिवली नाही, तशीच घालून फिरले. दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं, तर म्हणाले, "ठाऊक आहे मला."

आणि एका संध्याकाळी बाई उठली. खुर्चीवरून चार बोटं वर, मग वीतभर, मग पुरती उभी. मास्तरांनी तिला कवेत घेऊन लटपटत वळवलं आणि पलंगावर बसवलं. पलंगाची फळी कडाडली, पण मास्तर असे खूश की तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून हसत बसले.

आता पलीकडच्या खिडकीत इस्त्रीवाल्या मावशी होत्या, हे मास्तरांच्या लक्षात कसं राहावं? त्यांच्या इस्त्रीइतकाच त्यांचा कानही तापलेला असे. मास्तरांच्या खिडकीच्या पडद्यावर त्यांनी सावल्या पाहिल्या. मास्तर, आणि एक भरदार बाई. मिठी. वळण. पलंग! मावशींच्या हातातला शर्ट जळला. "शोभतं का या वयात? आणि बायको बिचारी अंथरुणावर!" भिंतींना कान असतात म्हणतात, मावशींना तर तोंडही होतं. आठवड्यात गोष्ट गल्लीभर झाली, आणि तिथून फोनने पोचायची तिथे पोचली.

रविवारी मास्तर लेकीकडे गेले तेव्हा व्यायामाची ताईही आलेली होती. बाई सोफ्यावर बसल्या होत्या. मास्तर टेकतायत न टेकतायत तोच बाईंनी तोंड उघडलं.

"काय हो, घरात नवी बाई आणलीत म्हणे?"

लेक स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभीच राहिली. ताईने नाइलाजाने आपल्या पिशवीत डोकं खुपसलं.

"अगं, बाई कसली! ती... ती तूच आहेस."

"म्हणजे?"

मग काय करता, मास्तरांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कापड, चिंध्या, वाळू, बैठका, फाटलेली पँट. लेक हसता हसता भिंतीला टेकली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईही हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"तिच्या अंगावर काय आहे?"

"तुझा निळा गाऊन."

"माझा चांगला निळा गाऊन? वाळूला? घरी गेल्या गेल्या काढा आधी तो!" आणि मग आवाज थोडा खाली आणून, "किती जाड केलीत मला?"

"मापाबाहेर एक दोरा नाही," मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले. "आणि उचलतो आता. हो, उचलतो! वाटल्यास दाखवतो."

लेकीने हसणं आवरलं. "दाखवाच बाबा. ताई आहेत समोर. त्या म्हणाल्या जमतंय, तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. आणि नाही जमलं तर तुम्हीही हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले.

ते सोफ्यापुढे आले. पाय फाकवले, मांड्यांत बसले, पाठ ताठ केली. सगळं अगदी कपाटवाल्याने सांगितलं तसं. बाईंच्या काखेखालून हात घातले, दीर्घ श्वास घेतला, आणि वाळूच्या बाईला लावायचे तेवढाच सगळा जोर लावला.

हाय रे कर्मा! बाई पोकळ पेटीसारख्या उचलल्या गेल्या. त्या जोराने मास्तर मागे हेलपाटले, बाई त्यांच्यावर, ताई धावली, लेक किंचाळली. ताईने बाईंना वेळेवर कमरेला धरून सोफ्यावर बसवलं म्हणून बरं. मास्तर तेवढे एकटे मागच्या टीपॉयवर जाऊन बसले, बिस्किटांच्या बशीसकट.

"बघितलंत?" लेक ओरडली. "बघितलंत ना, बाबा? खुबा पुन्हा मोडला असता तिचा!"

मास्तर टीपॉयवरून उठले. दोन महिन्यांच्या बैठका, बादल्या, भिंतीवरचे पंजे, सगळं मुसळ केरात. त्यांनी पँटला लागलेला बिस्किटांचा चुरा झटकला आणि टोपी शोधायला लागले. टोपी घालूनच आले नव्हते, हेही त्यांना आठवेना.

"काका, थांबा," ताई म्हणाली. "ताकद भरपूर आहे तुमच्यात, नको तेवढी आहे. पण तुम्हाला कोणी सांगितलं की काकूंना उचलायचं असतं? त्यांना उचलायचं नसतं. त्या उठतात. तुम्ही फक्त समोर पाय रोवून उभं राहायचं, कमरेला हात द्यायचा, आणि जागचं हलायचं नाही. तुम्ही हलला नाहीत की त्या पडणार नाहीत. या, पुन्हा."

"नको," मास्तर म्हणाले.

"या हो," बाई सोफ्यावरून म्हणाल्या. "बशी फुटली नाही अजून."

मास्तर पुन्हा पुढे झाले. या वेळी काहीच ओढलं नाही. गुडघ्यांत किंचित बसून उभे राहिले, आणि बैठकांनी घट्ट झालेल्या मांड्या तसूभर हलल्या नाहीत. बाईंनी त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले, पुढे झुकल्या, ओठ घट्ट मिटले, आणि हळूहळू उठल्या. पूर्ण उभ्या राहिल्या. मास्तरांचे दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती होते.

आणि तिथे मास्तर थबकले. हे हात आयुष्यभर मापं घेत आलेले. त्यांना टेप लागत नसे. हात जिथे पोचायला नको होते तिथे पोचले होते, एकमेकांना भेटून पुढेही गेले होते.

"अगं," ते हळूच म्हणाले, "कंबर कुठे गेली तुझी?"

बाईंनी मान फिरवली.

"ही जेवत नाही का गं?" मास्तरांनी लेकीला विचारलं. त्यांचा आवाज चढला होता, त्या घरात पहिल्यांदाच.

"मी करते हो सगळं, बाबा. तिच्या आवडीचं करते," लेक रडवेली झाली. "अर्धं ताटात टाकते ती. विचारलं तर म्हणते, भूक नाही."

मास्तर बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांखाली सैल पडलेली कातडी, गळ्याजवळ वर आलेली हाडं. दर रविवारी समोर बसून चहा प्यायलो आणि आपल्याला दिसलं नाही? लेक उचलणार की आपण उचलणार, एवढंच डोक्यात. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. हात तसेच कमरेला ठेवून त्यांनी तो प्रश्न, इतके दिवस गिळलेला, एकदाचा विचारला.

"तुला घरी यायचंय का?"

बाईंची बोटं मास्तरांच्या खांद्यात रुतली. आवाज मात्र शटर हलवणाराच होता.

"दोन महिने! दोन महिने तुम्ही बापलेक माझ्या डोक्यावरून बोलताय. ही म्हणते मी ठेवते, तुम्ही म्हणता मी उचलतो. कपाट आहे का मी? म्हटलं, बघू या, यातलं कोणी मला विचारतंय का. ही तर लेकरूच आहे. पण तुम्ही हो? वाळू आणायला गेलात, बैठका मारल्यात, गल्लीत तोंड काळं करून घेतलंत, आणि एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघेना?"

"तू नाही म्हणशील असं वाटलं," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"मूर्ख आहात," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या पदराने नव्हे, त्यांच्याच शर्टच्या कॉलरने त्यांचा गाल पुसला.

लेकीने ताईकडे पाहिलं. ताईने मान डोलावली. लेक आतल्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"हात सोडू का आता?" मास्तरांनी विचारलं.

"खबरदार सोडलात तर," बाई म्हणाल्या. "ती माझी पिशवी भरते तोवर उभं राहायचंय मला."